अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटातील सार्वजनिक जमिनी आणि रानलाव्यांची शिकार : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा :

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील वाळवंटी प्रदेशात रानलाव्यांची शिकार ही परवान्याने, हंगामाने आणि दैनिक मर्यादेने नियंत्रित केलेली प्रथा आहे. ही शिकार मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर होते. या जमिनीवर जाण्यासाठी जमीनदाराची मर्जी किंवा मोठी श्रीमंती लागत नाही. लाव्यांची संख्या मुख्यतः कशाने कमी-जास्त होते, शिकारीचे नियम कोणत्या ज्ञानावर उभे आहेत आणि सार्वजनिक जमिनीची या व्यवस्थेतील भूमिका कोणती, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पाऊस व गवताचे आच्छादन हे लाव्यांच्या अस्तित्वाचे निर्णायक घटक आहेत. त्यामुळे लाव्यांचे संरक्षण हा अंतिमतः जमिनीच्या व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजशब्द : रानलावा, सार्वजनिक जमीन, वाळवंट, चराई, पर्जन्यमान, वन्यजीव व्यवस्थापन.

प्रस्तावना :

लावा हा पक्षी मराठी वाचकाला अपरिचित नाही. माळरानावरून चालताना पायाखालून भर्रकन उडणारा आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात दिसेनासा होणारा हा लहानखुरा पक्षी महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात सर्वत्र आढळतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य पक्ष्यांची शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. त्यामुळे शिकार आणि संरक्षण हे परस्परविरोधी शब्द आहेत, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे.

अमेरिकेत मात्र वेगळी व्यवस्था विकसित झाली. तेथे वन्य पक्षी व प्राणी ही जनतेची सामायिक ठेव मानली जाते. राज्य शासन विश्वस्त या नात्याने त्यांची देखभाल करते आणि ठरावीक नियमांच्या चौकटीत नागरिकांना शिकारीची मुभा देते. या व्यवस्थेचे गुणदोष समजून घेण्यासाठी ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि लगतच्या वाळवंटी प्रदेशातील लाव्यांची शिकार हे एक बोलके उदाहरण आहे. येथे पक्षी लहान आहे, त्याचे आयुष्य अल्प आहे, पाऊस बेभरवशाचा आहे आणि जमीन मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक आहे. या चारही गोष्टींचा परस्परसंबंध उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. नैऋत्य वाळवंटातील सार्वजनिक जमिनींचे स्वरूप व त्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. तेथील लाव्यांच्या प्रमुख जाती, त्यांचे अधिवास आणि पर्जन्यमान यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. शिकारीची रीत, नियम व त्यामागील शास्त्रीय आधार यांचा परिचय करून देणे.
४. या व्यवस्थेच्या मर्यादा व तिच्यापुढील आव्हाने यांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन द्वितीयक साधनांवर आधारलेले आहे.

सार्वजनिक जमीन : स्वरूप व पार्श्वभूमी

अमेरिकेच्या एकूण भूभागापैकी सुमारे २८ टक्के जमीन, म्हणजे अंदाजे ६४ कोटी एकर, केंद्र शासनाच्या मालकीची आहे. ही जमीन देशभर समप्रमाणात विखुरलेली नाही. पूर्वेकडील राज्यांत तिचे प्रमाण अल्प आहे. नेवाडात मात्र सुमारे ८० टक्के, तर ॲरिझोनात एक तृतीयांशाहून अधिक भूभाग केंद्राकडे आहे. या विषमतेचे कारण इतिहासात सापडते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये शासनाने वसाहतकारांना शेतीसाठी जमिनी वाटल्या. पाणी आणि सुपीक माती असलेली जमीन भराभर खाजगी झाली. जेथे नांगर चालत नव्हता आणि विहिरीला पाणी लागत नव्हते, ती कोरडी जमीन मागणीअभावी शासनाकडेच राहिली. ज्या जमिनीला कोणी वाली नव्हता, तीच पुढे सर्वांची जमीन ठरली. अर्थात ती खरोखर निर्जन कधीच नव्हती. ओओडहॅम, अपाची इत्यादी मूलनिवासी समाजांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती, हे येथे विसरता येत नाही. त्यांच्या राखीव प्रदेशांत आजही स्वतंत्र नियम व स्वतंत्र परवाने लागू आहेत. न्यू मेक्सिकोतील मिम्ब्रेस संस्कृतीच्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मृत्पात्रांवर लाव्यांची चित्रे आढळतात. त्यावरून या पक्ष्याचे माणसाशी असलेले नाते किती जुने आहे, याची कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मोकळ्या जमिनीवर अनिर्बंध चराई झाली. ज्याचे गुरे-ढोरे अधिक, त्याचे गवत अधिक, असा व्यवहार होता. त्यातून झालेली हानी लक्षात आल्यावर १९३४ मध्ये टेलर चराई कायदा संमत झाला आणि चराईसाठी परवाना व शुल्क आवश्यक ठरले. १९४६ मध्ये जुने भूमी कार्यालय व चराई सेवा यांचे एकत्रीकरण होऊन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही संस्था स्थापन झाली. तिच्याकडे आज सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमिनीचा कारभार आहे. १९७६ च्या कायद्याने या जमिनी सामान्यतः शासनाच्याच मालकीत ठेवाव्यात आणि चराई, खाणकाम, मनोरंजन, वन्यजीव अशा अनेक उपयोगांचा तोल राखावा, असे धोरण निश्चित केले. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अखत्यारीतील टोंटो व कोरोनाडो ही राष्ट्रीय वनेही याच साखळीत येतात. नावात ‘वन’ असले तरी त्यांचा बराच भाग निवडुंग, झुडपे आणि गवताने व्यापलेला आहे.

याखेरीज ‘स्टेट ट्रस्ट लँड’ नावाचा तिसरा प्रकार आहे. ॲरिझोना व न्यू मेक्सिको यांना १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळताना प्रामुख्याने शाळांच्या खर्चासाठी काही जमिनी देण्यात आल्या. ॲरिझोनात अशी सुमारे ९२ लाख एकर जमीन आहे. ती काटेकोर अर्थाने सार्वजनिक नाही. तिचा हेतू उत्पन्न मिळवणे हा आहे. तथापि वैध परवाना असलेल्या व्यक्तीला शिकारीसाठी तेथे प्रवेश मिळतो.

या व्यवस्थेचे सामाजिक महत्त्व शेजारच्या टेक्सास राज्याशी तुलना केली असता स्पष्ट होते. टेक्सासमधील ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे. तेथे लाव्यांच्या शिकारीसाठी सामान्यतः जमीनमालकाकडून हंगामी भाडेपट्टा घ्यावा लागतो. ॲरिझोनात मात्र एखादा कारखान्यातील कामगार किंवा शाळेतील शिक्षक परवाना काढून, नकाशा हाती घेऊन, रविवारी सकाळी कोणाचीही परवानगी न मागता हजारो एकरांच्या रानात पाऊल टाकू शकतो.

तीन लावे, तीन प्रकारची राने

या प्रदेशात शिकारीच्या दृष्टीने लाव्यांच्या तीन जाती महत्त्वाच्या आहेत.

पहिली जात गॅम्बेलचा लावा ही होय. सोनोरन वाळवंटाचा हा सर्वांत परिचित पक्षी आहे. नराच्या कपाळावरून पुढे झुकलेला काळा तुरा, तांबूस माथा आणि पोटावरील काळा डाग ही त्याची ओळख. वजन साधारणतः १६० ते १९० ग्रॅम भरते. कोरड्या ओढ्यांच्या काठची मेस्किटची झाडे ही त्याची आवडती जागा. ही झाडे आपल्याकडील वेड्या बाभळीची भाऊबंद होत. रात्री हा लावा जमिनीवर न झोपता झुडपांत किंवा झाडांवर आसरा घेतो. धोका जाणवताच तो उडण्याऐवजी धावतो. त्यामुळे त्याचा पाठलाग करणाऱ्याची दमछाक होते.

दुसरी जात खवलेदार लाव्याची आहे. छातीवरील पिसांच्या कडा माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले. डोक्यावरील पांढऱ्या तुऱ्यामुळे स्थानिक लोक त्याला ‘कॉटनटॉप’, म्हणजे कापसाच्या बोंडासारख्या शेंड्याचा, असे म्हणतात. न्यू मेक्सिको व आग्नेय ॲरिझोनातील चिवावान वाळवंटाची उघडी गवताळ मैदाने हा त्याचा अधिवास होय. धावण्यात तो गॅम्बेलच्या लाव्यालाही हार जात नाही.

तिसरी जात मर्न्सचा लावा किंवा माँटेझुमा लावा या नावाने ओळखली जाते. नराच्या चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांची विदूषकासारखी नक्षी असते. आग्नेय ॲरिझोनात पॅटागोनिया व सोनोइटा या गावांभोवतीच्या टेकड्यांवर ओकची विरळ झाडे आणि त्याखाली दाट गवत असते. तेथे हा पक्षी राहतो. लांब नख्यांनी जमीन उकरून तो आंबुशीच्या वर्गातील वनस्पतींचे कंद आणि लव्हाळ्याच्या गाठी खातो. त्याने उकरलेले शंकूच्या आकाराचे खड्डे हीच त्याच्या वास्तव्याची खूण. जाणकार शिकारी प्रथम पक्षी न शोधता हे ताजे खड्डे शोधतो. संकट येताच मर्न्सचा लावा गवतात दबून बसतो आणि अगदी पायाशी आल्यावर उसळी घेतो. जोपर्यंत गवत आहे तोपर्यंत हा डावपेच उपयोगी पडतो. गवत गेले की दबून बसणारा पक्षी ससाण्याच्या नजरेस आयताच पडतो.

पर्जन्यमान आणि लाव्यांची संख्या

फिनिक्स शहरी वर्षाकाठी सरासरी सुमारे १८० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण समजल्या जाणाऱ्या माण-खटाव भागातही याच्या दुपटीहून अधिक पाऊस होतो. सोनोरन वाळवंटाचे वैशिष्ट्य असे की, हा तुटपुंजा पाऊसही दोन हंगामांत विभागलेला आहे. हिवाळ्यात पॅसिफिक महासागराकडून येणारी संथ झड आणि जुलै ते सप्टेंबर या काळात गडगडाटासह कोसळणारा उन्हाळी पाऊस. या दुसऱ्या पावसाला तेथेही ‘मान्सून’ असेच म्हणतात.

गॅम्बेलच्या लाव्याचे प्रजनन हिवाळी पावसाशी बांधलेले आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात चांगला पाऊस झाला, तर वाळवंटात अल्पायुषी हिरव्या वनस्पतींचा गालिचा पसरतो. त्या कोवळ्या पाल्यावर पोसलेल्या जोड्या वसंतात घरटी करतात. एका घरट्यात साधारणतः १० ते १२ अंडी असतात. हिवाळा कोरडा गेला तर थवे फुटत नाहीत, जोड्या जमत नाहीत आणि अनेक पक्षी त्या वर्षी अंडीच घालत नाहीत. यामागील शरीरक्रियेचा शोध अनेकांनी घेतला. कॅलिफोर्नियातील लाव्यांवर स्टार्कर लिओपोल्ड व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळात खुरटलेल्या वनस्पतींमध्ये संप्रेरकसदृश द्रव्यांचे प्रमाण वाढते व ती द्रव्ये प्रजननाला अटकाव करतात, असे त्यांनी मांडले. पक्षी आपल्या अन्नातूनच जणू वर्षाचे भाकीत वाचतो, असा याचा अर्थ होतो.

मर्न्सच्या लाव्याचे गणित याहून निराळे आहे. त्याची भिस्त उन्हाळी पावसावर असते. मान्सून सुरू झाल्यावरच तो घरटे करतो आणि त्याची पिल्ले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाहेर पडतात. हा पाऊस किती लहरी असू शकतो हे टुसॉन शहराच्या नोंदींवरून दिसते. २०२० च्या मान्सून हंगामात तेथे अवघा सुमारे ४१ मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, तो सुमारे ३२५ मिलिमीटर झाला. ज्या पक्ष्याचे आयुष्य मुळातच एक-दोन वर्षांचे, त्याच्या दृष्टीने ही दोन वर्षे म्हणजे दोन वेगळी जगेच होत.

लाव्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्षी दर वर्षी शिकारी माणसाचा हात न लागताही मरतात. ससाणे, कोल्हे, साप, थंडी व उपासमार यांचा हा हिशेब असतो. यावरूनच अतिरिक्त संख्येचा सिद्धांत पुढे आला. जे पक्षी हिवाळ्यात अन्यथा मरणारच आहेत, त्यांपैकी काही शिकारीत गेले तरी वसंतातील प्रजननक्षम संख्येवर फारसा परिणाम होत नाही, असे हा सिद्धांत सांगतो. ॲरिझोनात वेंडेल स्वँक व स्टीव्ह गॅलिझिओली यांनी शिकार आणि पर्जन्यमान या दोहोंच्या परिणामांचा अभ्यास करून १९५४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गॅम्बेलच्या लाव्यांची संख्या ठरवण्यात शिकारीपेक्षा पावसाचा वाटा कितीतरी मोठा आहे, असे त्यातून पुढे आले. त्यानंतरच्या काळात या राज्यात लाव्यांचे हंगाम दीर्घ व मर्यादा तुलनेने सैल ठेवण्यात आल्या, त्यामागे हे ज्ञान आहे.

शिकारीची रीत व नियम

ॲरिझोनात अलीकडील वर्षांत सर्वसाधारण लाव्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत असतो. एका व्यक्तीला दिवसाला सर्व जाती मिळून १५ लावे मारता येतात. त्यांत मर्न्सचे लावे आठाहून अधिक असता कामा नयेत. मर्न्सच्या लाव्याचा हंगामही उशिरा सुरू होतो. त्याची पिल्ले उशिरा जन्मतात व त्यांना अंगाने भरण्यास अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू आहे. न्यू मेक्सिकोतही दैनिक मर्यादा १५ इतकीच असून मर्न्सच्या लाव्यासाठी ती पाच आहे. खाण्यायोग्य मांस जाणूनबुजून वाया घालवणे हा ॲरिझोनात गुन्हा ठरतो.

काही नियम पक्ष्यांपेक्षा परिसराच्या हिताचे आहेत. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करता येत नाही, कारण माणसाच्या वावराने तहानलेली जनावरे व गुरे पाण्याजवळ येत नाहीत. वस्ती असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत मालकाच्या परवानगीविना बंदूक झाडता येत नाही. चराईच्या कुंपणाचे फाटक जसे आढळले तसेच, म्हणजे उघडे असल्यास उघडे व बंद असल्यास बंद, ठेवणे हा तेथील अलिखित शिष्टाचार आहे.

प्रत्यक्ष शिकार ही मुख्यतः चालण्याची कसोटी असते. पहाटे टेकाडावर उभे राहून लाव्यांची साद ऐकायची, थव्याचा अंदाज घ्यायचा आणि कोरड्या ओढ्याच्या कडेने पुढे सरकायचे, ही गॅम्बेलच्या लाव्याची रूढ रीत. थवा प्रथम पळतो. त्याला उडवून पांगवल्यानंतर एकेकटे पक्षी झुडपांत दबून बसतात आणि खरी शिकार तेव्हा सुरू होते. मर्न्सच्या लाव्यासाठी मात्र पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी निश्चल उभा राहून दिशा दाखवणारा कुत्रा जवळजवळ अपरिहार्य ठरतो. पॉइंटर, ब्रिटनी इत्यादी जातींचे कुत्रे यासाठी वापरले जातात. बंदूक हलकी, छर्रे बारीक आणि पल्ला जवळचा, असे या शिकारीचे स्वरूप असते.

वाळवंट शिकाऱ्याची परीक्षा पाहते, त्याहून अधिक त्याच्या कुत्र्याची. हंगामाच्या प्रारंभी सखल भागात दुपारचा पारा ३० अंशांच्या वर असतो. अशा वेळी स्वतःपेक्षा कुत्र्यासाठी अधिक पाणी पाठीवर वाहावे लागते. चोया जातीच्या निवडुंगाचे काटे कुत्र्याच्या पंजात व तोंडात रुततात. ते काढण्यासाठी कंगवा व चिमटा जवळ बाळगण्याची पद्धत आहे. थंडी पडेपर्यंत खुळखुळ्या सापांचा धोका कायम असतो. शिवाय येथील मातीतील बुरशीमुळे होणारा ‘व्हॅली फीव्हर’ हा आजार माणूस व कुत्रा दोघांनाही जडतो.

या रानात कायद्याच्या पलीकडचा एक संयमही अपेक्षित असतो. मर्न्सच्या लाव्याचा थवा बहुधा एका कुटुंबाचा, आठ-दहा पक्ष्यांचा असतो. त्यातून एक-दोन पक्षी घेऊन शिकाऱ्याने पुढे जावे, एकाच थव्याच्या मागे दिवसभर लागू नये, असा संकेत आहे. दैनिक मर्यादा ही गाठण्याची संख्या नसून न ओलांडण्याची रेषा आहे, हे जाणते शिकारी नवख्यांना आवर्जून सांगतात.

ज्ञान आणि निधी यांची सांगड

या व्यवस्थेचा एक लक्षणीय भाग असा की, शिकारी हाच माहितीचा स्रोत ठरतो. वसंतात ठरावीक मार्गांवर गॅम्बेलच्या नरांची साद मोजली जाते आणि त्यावरून येत्या हंगामाचा अंदाज बांधला जातो. हंगामात शिकाऱ्यांकडून पक्ष्यांचे पंख गोळा केले जातात. गॅम्बेलच्या लाव्याच्या पंखांवरील विशिष्ट पिसांच्या टोकांचा फिकट रंग पाहून तो त्याच वर्षी जन्मलेला आहे की जुना, हे सांगता येते. पंखांच्या ढिगात पिल्लांचे प्रमाण अधिक असेल तर वर्ष फळले, असे समजावे.

निधीचीही अशीच सांगड आहे. १८४२ च्या मार्टिन विरुद्ध वॅडेल खटल्यापासून वन्य संपत्ती ही जनतेची ठेव असल्याचा विचार अमेरिकी न्यायव्यवस्थेत रुजत गेला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्यजीवांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. बाजारासाठी होणाऱ्या कत्तलीला त्यामुळे मोठा पायबंद बसला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवर ११ टक्के अबकारी कर आकारला जातो आणि ती रक्कम राज्यांना वन्यजीव-कार्यासाठी वाटली जाते. ती मिळवण्यासाठी राज्याने शिकार-परवान्यांचे उत्पन्न अन्यत्र वळवता कामा नये, अशी अट आहे. या पैशातून सर्वेक्षण, संशोधन व अधिवासाची कामे होतात.

मुखवट्याच्या लाव्याचा धडा

वरील विवेचनावरून सर्व काही आलबेल आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. त्याला छेद देणारे उदाहरण याच भूमीत घडले. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या गवताळ खोऱ्यांत पूर्वी मुखवट्याचा लावा राहत असे. नराचा चेहरा काळा आणि छाती विटकरी रंगाची. ॲरिझोनात त्याची शास्त्रीय नोंद १८८४ मध्ये झाली आणि १९०० च्या सुमारास तो तेथून नाहीसा झाला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांचा हा काळ आहे. या काळात दक्षिण ॲरिझोनात गुरांची संख्या प्रचंड वाढली होती. १८९१ ते १८९३ च्या दुष्काळात गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्ले आणि अखेर गुरेही मोठ्या संख्येने मेली. गवत गेले, त्यासोबत गवतावर अवलंबून असलेला लावाही गेला.

१९६७ मध्ये या लाव्याचा समावेश केंद्राच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत झाला. १९८५ मध्ये त्याच्यासाठी ब्वेनोस आयरेस राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. अनेक दशके बंदिवासात वाढवलेले पक्षी तेथे सोडले जात आहेत. तरीही हा लावा स्वतःच्या बळावर सुस्थिर झाला, असे म्हणण्यासारखी स्थिती आलेली नाही. काही वर्षांत गमावलेले गवताळ रान शतकभरात परत मिळत नाही, हा या घटनेचा धडा होय.

मर्न्सच्या लाव्याबाबत हाच मुद्दा संशोधनाने पुढे आला. डेव्हिड ब्राऊन यांच्या १९८२ मधील अभ्यासानुसार, उपलब्ध गवताच्या वजनापैकी सुमारे ५५ टक्क्यांहून अधिक गवत चरले गेल्यास त्या ठिकाणचे लावे जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. अन्न शिल्लक असले तरी लपण्यास जागा उरत नाही, हे त्याचे कारण. शिकारीचा परवाना देणारी संस्था राज्याची आणि चराईचा परवाना देणारी केंद्राची, अशी येथे विभागणी आहे. पक्षी एकाच्या हाती, तर गवत दुसऱ्याच्या हाती, ही या व्यवस्थेतील मूलभूत अडचण आहे.

समकालीन आव्हाने

पहिले आव्हान हवामानाचे आहे. २००० ते २०२१ हा बावीस वर्षांचा काळ नैऋत्य उत्तर अमेरिकेत किमान बाराशे वर्षांतील सर्वाधिक कोरडा ठरल्याचे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-तीन वर्षांच्या दुष्काळातून लावे सावरतात, कारण एका चांगल्या पावसात त्यांची संख्या झपाट्याने वाढते. परंतु चांगली वर्षेच विरळ झाली तर अतिरिक्त संख्येच्या सिद्धांताचा पाया ढासळतो. थवे अल्प असताना हंगामाच्या अखेरीस मारलेला प्रत्येक लावा हा पुढील वसंताचा जनक असू शकतो. पक्षी कमी झाले की शिकारीही आपोआप घरी बसतात, असा युक्तिवाद केला जातो व तो बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र कसलेल्या कुत्र्यासमोर दबून बसणाऱ्या मर्न्सच्या लाव्याला तो पुरेसे संरक्षण देतोच असे नाही.

दुसरे आव्हान परकीय गवताचे आहे आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. आपल्याकडे चाऱ्यासाठी मोलाचे मानले जाणारे अंजन गवत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमिनीची धूप रोखण्यासाठी व चाऱ्यासाठी ॲरिझोनात नेण्यात आले. आफ्रिका व भारतीय उपखंड ही त्याची मूळ भूमी. सोनोरन वाळवंटात झुडपांच्या मधली जागा मोकळी असे, त्यामुळे आग पसरत नसे. अंजन व इतर परकीय गवतांनी ती मोकळी जागा भरून काढली आणि वणव्यांना वाट मिळाली. २०२० मध्ये टोंटो राष्ट्रीय वनातील ‘बुश फायर’ या वणव्यात सुमारे १ लाख ९३ हजार एकर क्षेत्र जळाले. निवडुंगांना आगीची सवय नाही. ते पुन्हा सहजी उगवत नाहीत. गवत असणे पुरेसे नाही, ते त्या भूमीचे असावे लागते, हे यावरून दिसते.

तिसरे आव्हान मालकीचे आहे. पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींचा काही भाग विकण्याचा प्रस्ताव २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकी सिनेटमधील अर्थविषयक विधेयकात मांडला गेला. त्यास पर्यावरणवाद्यांबरोबरच शिकारी व मासेमार संघटनांनीही तीव्र विरोध केला आणि त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. एरवी परस्परांकडे संशयाने पाहणारे हे गट एकत्र आले, कारण जमीन एकदा खाजगी झाली की ती पुन्हा सर्वांची होत नाही, हे दोघांनाही उमगले होते.

याशिवाय नैतिक प्रश्न उरतोच. केवळ संख्येवर परिणाम होत नाही म्हणून जीव घेणे समर्थनीय ठरते काय, जखमी होऊन हाती न लागणाऱ्या पक्ष्याचे काय, हे प्रश्न अमेरिकेतही विचारले जातात. शिशाच्या छर्ऱ्यांमुळे अन्य पक्ष्यांना होणारी विषबाधा लक्षात घेऊन कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यजीवांच्या शिकारीत शिशावर पूर्ण बंदी घातली. आकडेवारीने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. परंतु आकडेवारी टाळूनही ती मिळत नाहीत.

निष्कर्ष :

१. नैऋत्य वाळवंटातील लाव्यांची संख्या प्रामुख्याने पर्जन्यमान व गवताचे आच्छादन यांवर अवलंबून असते. नियमबद्ध शिकारीचा परिणाम त्या तुलनेत गौण आहे. तथापि दीर्घ दुष्काळात व मर्न्सच्या लाव्यासारख्या मर्यादित अधिवासाच्या जातीबाबत अधिक सावधगिरी आवश्यक ठरते.
२. सार्वजनिक मालकीमुळे सामान्य नागरिकाला रानात प्रवेश मिळतो आणि त्यातूनच त्या रानाच्या रक्षणासाठी उभा राहणारा वर्ग तयार होतो.
३. मुखवट्याच्या लाव्याचा इतिहास पाहता, पक्ष्याला कायद्याचे संरक्षण देऊन त्याचे गवत मोकळे सोडल्यास ते संरक्षण अपुरे ठरते.
४. पाऊस माणसाच्या हाती नाही. गुरे किती चारावीत, परकीय गवत कोठे रोखावे आणि जमीन कोणाच्या मालकीत ठेवावी, हे निर्णय मात्र त्याच्या हाती आहेत.

समारोप :

भारताने शिकारबंदीचा मार्ग स्वीकारला असून येथील लोकसंख्या, जमीनधारणा व सामाजिक परिस्थिती पाहता अमेरिकी व्यवस्था जशीच्या तशी आणणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. तरीही एक बाब विचारार्ह आहे. आपल्याकडे लाव्याला मारणे गुन्हा आहे, परंतु तो ज्या माळरानावर जगतो त्याची गणना शासकीय दफ्तरी बहुधा पडीक जमिनीत होते. पडीक म्हटली की ती जमीन कारखान्याला, रस्त्याला किंवा वृक्षलागवडीला मोकळी होते. त्यात गवत जाते आणि लाव्यावर एकही गोळी न झाडता लावा जातो. ॲरिझोनाच्या सीमावर्ती खोऱ्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी नेमके हेच घडले होते.